जीएम पीक जागेवरच ओळखायचे आहे? हातात मावणाऱ्या बायोसेन्सरने पहिली चाचणी अशी करा

पानाचा तुकडा चिरडायचा, अर्कात पट्टी उभी करायची, दहा मिनिटांत रेघ उमटते का ते पाहायचे. जनुकीय बदल केलेले, म्हणजे जीएम, पीक ओळखणे हाताच्या कामापुरते इतकेच आहे. गोंधळ सुरू होतो तो रेघ उमटल्यावर. ती नेमके काय सांगते? आणि उमटली नाही, तर काय सिद्ध झाले? मायक्रोपिपेट हाताळता येते, पण जीएम चाचणी कधी केलेली नाही अशा वाचकासाठी ही माहिती क्रमाने देत आहोत.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

उपकरण विकत घेण्यापूर्वी हे करा. कोणतेही बायोसेन्सर (जैविक रेणू ओळखून खूण देणारे साधन) ‘जीएम’ नावाची वस्तू शोधत नाही. ते एखादे प्रथिन किंवा डीएनएचा एखादा तुकडा शोधते. म्हणून प्रश्न बदलला की साधन बदलते.

‘या झाडात क्राय१एसी हे कीडनाशक प्रथिन आहे का?’ असा प्रश्न असेल तर प्रतिपिंडांवर चालणारी पट्टी पुरते. तणनाशक सहन करणाऱ्या पिकांतील सीपी४ ईपीएसपीएस प्रथिनासाठीही तशीच पट्टी मिळते. ‘या ढिगात कुठलाही जीएम अंश आहे का?’ हा प्रश्न मात्र डीएनएचा आहे. त्यासाठी बहुतेक जण दोन खंड शोधतात: फुलकोबीच्या विषाणूतून घेतलेला पी-३५एस हा प्रवर्तक (जनुक चालू करणारा खंड), आणि ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूतून घेतलेला टी-नॉस हा समापक (जनुकाचा शेवट दाखवणारा खंड). जीएम पिकांपैकी बऱ्याच पिकांत यातला निदान एक सापडतो.

‘बऱ्याच’ म्हणजे सगळ्या नव्हे, आणि नवखे इथेच पहिल्यांदा फसतात. मॉन ८९७८८ हे सोयाबीन किंवा जीटी७३ ही कनोला घ्या. दोन्ही जीएम आहेत, पण त्यांत पी-३५एसही नाही आणि टी-नॉसही नाही. त्यांच्यात एफएमव्ही हा दुसऱ्या विषाणूचा प्रवर्तक आणि ई९ हा समापक आहे. फक्त पहिली जोडी तपासून ‘जीएम नाही’ असा शेरा मारला, तर तो चुकीचा ठरेल. ज्या पिकाची चाचणी करणार, त्याच्या ज्ञात जीएम वाणांत कोणते खंड असतात याचा तक्ता आधी करा आणि त्यावरून लक्ष्ये निवडा.

‘नेमका कोणता इव्हेंट?’ म्हणजे परके जनुक पिकाच्या गुणसूत्रात कोणत्या ठिकाणी जाऊन बसले आहे, हे विचारायचे असेल तर त्या जोडावर बेतलेले प्राइमर (कोणता खंड वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) हवेत. प्रथिनाची पट्टी हे कधीच सांगू शकत नाही. ‘किती टक्के?’ हा प्रश्न हातातल्या उपकरणाला विचारूच नका. तो प्रयोगशाळेतील परिमाणात्मक किंवा डिजिटल पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या पद्धतीचा) आहे. आणि जीन एडिटिंगने केलेला एखाद-दुसऱ्या अक्षराचा बदल, ज्यात परका डीएनए उरलेलाच नाही, तो इथल्या कोणत्याही साधनाला दिसणार नाही.

२. साधन निवडा

पार्श्वप्रवाह पट्टी: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी. पट्टीच्या तळाशी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडे असतात. अर्क वर चढताना प्रथिन त्यांना धरते आणि चाचणी रेघेवरच्या दुसऱ्या प्रतिपिंडाला अडकते. कण साचले की लालसर रेघ दिसते. त्यापुढची नियंत्रण रेघ फक्त ‘द्रव वरपर्यंत पोचला आणि पट्टी चालू आहे’ एवढेच सांगते. ताजे पान, कच्चे बी, कच्चे पीठ यांवर ही पट्टी उत्तम. भाजलेल्या, उकडलेल्या मालात प्रथिनाचा आकार मोडलेला असतो, त्यामुळे पट्टी गप्प राहते.

लॅम्प: २००० साली प्रसिद्ध झालेली, एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती वाढवणारी पद्धत. ६० ते ६५ अंश सेल्सिअसला, चार ते सहा प्राइमर आणि बीएसटी नावाचे एन्झाइम वापरून अर्ध्या ते एका तासात उत्तर मिळते. पीसीआरसारखे तापमान वर-खाली करावे लागत नाही, म्हणून साधा हीट ब्लॉक पुरतो.

आरपीए: डीएनएच्या प्रती एकाच तापमानावर वाढवणारी दुसरी पद्धत, ३७ ते ४२ अंशांवर, साधारण वीस मिनिटांत. वेगवान आहे, पण निकाल पट्टीवर पाहायचा असेल तर नळी उघडावी लागते आणि वाढवलेल्या डीएनएचे तुषार हवेत जातात. नवख्याने इथून सुरुवात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्युत-रासायनिक सेन्सर: छापील इलेक्ट्रोड आणि मोबाइलला जोडता येणारा पोटेन्शिओस्टॅट (विद्युतदाब देऊन प्रवाह मोजणारे उपकरण). वाचायला आकर्षक, हाताळायला नाजूक. त्याबद्दल सातव्या पायरीत थोडक्यात.

सुरुवात पट्टीने करा, ती पक्की झाली की लॅम्प.

३. जमवाजमव

पट्टीसाठी:
- लक्ष्य प्रथिनाच्या पट्ट्या आणि त्याच संचातील अर्क-बफर
- १.५ मिलिलीटरच्या झाकणाच्या नळ्या, तेवढ्याच प्लॅस्टिक मुसळ्या
- हातमोजे, कायम शाईचे पेन, टायमर

लॅम्पसाठी आणखी:
- १० आणि २०० मायक्रोलीटरच्या मायक्रोपिपेट, फिल्टर असलेले टिप
- दुप्पट संहतीचे लॅम्प मिश्रण (शक्यतो ‘वॉर्म स्टार्ट’, म्हणजे तापल्यावरच काम सुरू करणारे बीएसटी असलेले), प्राइमर, डीएनए नसलेले शुद्ध पाणी
- हीट ब्लॉक आणि तो तपासायला स्वतंत्र थर्मामीटर
- खनिज तेल, बर्फाच्या पिशव्या, थर्मोकोलची पेटी
- ताजे पातळ केलेले ब्लीच

दोन्हींसाठी खात्रीचा जीएम आणि खात्रीचा बिगर-जीएम नमुना लागतो. टक्केवारी प्रमाणित केलेली संदर्भ पावडर युरोपीय आयोगाचे संयुक्त संशोधन केंद्र आणि अमेरिकन ऑइल केमिस्ट्स सोसायटी या संस्था पुरवतात. प्लाझ्मिडचे (लक्ष्य खंड घातलेल्या गोल डीएनएचे) दाट द्रावण ‘धन नियंत्रण’, म्हणजे खात्रीचा जीएम नमुना, म्हणून शेतावर नेऊ नका. त्याच्या एका थेंबात कोट्यवधी प्रती असू शकतात आणि एकदा पेटीत सांडला की पुढचा प्रत्येक नमुना ‘जीएम’ निघेल.

कागदपत्रे: नमुना घेण्यासाठी मालकाची लेखी संमती, बियाण्याचे लेबल व लॉट क्रमांक यांचा फोटो, संचाचे माहितीपत्रक (त्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदत), आणि नमुना कुणाकडून कुणाकडे कधी गेला याची नोंद. निकालावरून पुढे वाद होण्याची शक्यता असेल, तर हा शेवटचा कागद पट्टीपेक्षाही महत्त्वाचा.

४. नमुना घ्या, इथे घाई नको

समजा ढिगात १ टक्का जीएम बी आहे आणि तुम्ही २० बिया तपासल्या. एकही जीएम बी हाती न लागण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के आहे. सेन्सर कितीही संवेदनशील असला तरी नळीत न आलेले बी तो शोधू शकत नाही.

लक्षात ठेवायला सोपे सूत्र: ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३ ला शोधायच्या प्रमाणाने भागा. १ टक्क्यासाठी सुमारे ३०० बिया (नेमके सांगायचे तर २९९), ०.१ टक्क्यासाठी सुमारे ३,०००. या बिया पोत्याच्या तोंडाशी मिळतील तशा उचलायच्या नाहीत. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून थोड्या थोड्या घ्या, एकत्र करा, नीट मिसळा आणि मग मोजा.

एवढ्या बिया एकेक करून तपासणे शक्य नाही, म्हणून गट करतात. एका गटात किती बिया चालतील हे माहितीपत्रकात दिलेले असते. ते शंभराला एक असेल, तर ३०० बियांचे तीन गट करा. पण छापलेल्या आकड्यावर विसंबू नका: ९९ बिगर-जीएम बिया आणि १ जीएम बी एकत्र दळून, तुमच्याच दळणयंत्रात आणि तुमच्याच बफरमध्ये रेघ दिसते का ते आधी पाहा. भरड दळण असेल तर ते एक बी एखाद्या खड्याच्या रूपात तळाशी राहते आणि अर्कात उतरतच नाही. पीठ मैद्यासारखे बारीक हवे. दोन गटांमध्ये भांडे धुऊन, ब्लीचने पुसून, पुन्हा धुऊन पूर्ण कोरडे करा.

पेरणीचे बियाणे बहुधा रंग व बुरशीनाशक लावलेले असते. हातमोजे घाला, दळणासाठी वेगळे भांडे ठेवा आणि ते पुन्हा खाण्याच्या वस्तूंना लावू नका. तो रंग पट्टीवर चढून पार्श्वभूमी गुलाबी करतो, म्हणून बी आधी पाण्याने धुऊन टिपून घ्या.

बी पूर्ण दळायचे, नुसते टरफल खरवडून चालणार नाही. टरफल मातृझाडाचे असते; शेजारच्या जीएम शेतातून परागकण आले असतील तर बदल आतल्या गर्भात असतो.

उभ्या पिकात नागमोडी चाला, बांधाकडच्या ओळी टाळा आणि प्रत्येक झाडाचे वरचे, नुकतेच पूर्ण उघडलेले पान घ्या. कपाशीत क्राय१एसीचे प्रमाण हंगाम पुढे सरकतो तसे घटते. बोंडे लागल्यावर जून पानावर केलेली चाचणी त्यामुळे फसवी ठरू शकते.

५. पट्टीची चाचणी

फ्रिजमधून काढलेले पाकीट अर्धा तास तसेच राहू द्या, मगच फोडा. गार पट्टीवर हवेतील बाष्प जमते आणि द्रव वाकडातिकडा चढतो.

नळीचे झाकण पानावर दाबून चकती कापा. दोन चकत्या पुरेत. मुसळीने २०–३० सेकंद चिरडा, ०.५ मिलिलीटर बफर घाला (तुमच्या संचात वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळा), पुन्हा थोडे चिरडा. चोथा खाली बसू द्या. मग पट्टी बाणाची बाजू खाली करून उभी ठेवा. द्रवाने पट्टीवरची कमाल खूण ओलांडली, तर सोन्याचे कण वर चढण्याऐवजी बफरमध्येच विरघळतात.

माहितीपत्रकात लिहिलेल्या मिनिटालाच वाचा. बहुतेक संचांत ती वेळ ५ ते १० मिनिटे असते. अर्ध्या तासाने दिसलेली फिकट रेघ पट्टी वाळल्यामुळे उमटलेली असू शकते. मात्र ठरलेल्या वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच.

दोन गोष्टी विचित्र वाटतील. एक, प्रथिन फार जास्त असले की रेघ उलट फिकी पडते, कारण दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात. शंका आली तर अर्क दहापट पातळ करून नवी पट्टी लावा. रेघ गडद झाली तर कारण हेच. दुसरी, क्राय१एबी आणि क्राय१एसी इतकी सारखी आहेत की बरेच संच दोन्हींना एकच रेघ देतात. अहवालात तसेच लिहा.

६. लॅम्पची चाचणी

डीएनए काढणे. शेतावरची सर्वांत कामाची पद्धत गाळणकागदाची आहे. वॉटमन १ नंबरच्या कागदाची २ मिलिमीटर रुंद पट्टी घ्या, टोकाचे काही मिलिमीटर सोडून बाकी भागाला मेण लावा. तो झाला दांडा. पान या बफरमध्ये चिरडा: २० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २५ मिलिमोलर मीठ, २.५ मिलिमोलर ईडीटीए, ०.०५ टक्के एसडीएस. कपाशीसारख्या टॅनिनयुक्त पानांना २ टक्के पीव्हीपी घाला, नाहीतर अर्क तपकिरी पडतो आणि एन्झाइम अडते. कागदाचे टोक अर्कात तीनदा बुडवा, मग धुण्याच्या बफरमध्ये (१० मिलिमोलर ट्रिस, ०.१ टक्के ट्वीन-२०) तीनदा, आणि शेवटी थेट लॅम्प मिश्रणात तीनदा. डीएनए कागदाला धरून राहतो, बरीच घाण धुऊन जाते. सगळे मिनिटभरात आटोपते.

मिश्रण. २५ मायक्रोलीटरच्या एका नळीसाठी: दुप्पट संहतीचे मिश्रण १२.५, दहापट संहतीचे प्राइमर २.५, रंगद्रव्य १, पाणी ९. नमुना कागदाऐवजी द्रवरूपात घालणार असाल, तर पाणी ७ आणि अर्क २. दहापट प्राइमर द्रावणात (ही लॅम्पच्या सहा प्राइमरांची नावे) एफआयपी व बीआयपी प्रत्येकी १६ मायक्रोमोलर, एफ३ व बी३ प्रत्येकी २, लूप प्राइमर प्रत्येकी ४. हे मिश्रण नमुन्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत तयार करून नळ्यांत भरून घ्या आणि बर्फावर न्या.

रंगद्रव्य. गुलाबीचे पिवळे होणारे फिनॉल रेड दिसायला सुरेख असते, पण ते पीएच मोजते. अर्कातला बफर जास्त आला की रंग बदलतच नाही, आणि पानाचा रस आंबट असला की उष्णता देण्याआधीच पिवळे होते. कच्च्या अर्कासाठी हायड्रॉक्सिनॅफ्थॉल ब्लू बरे: ३ मिलिमोलर द्रावणाचा १ मायक्रोलीटर घातला की २५ मध्ये १२० मायक्रोमोलर होते. ते मॅग्नेशियम घटल्यावर जांभळ्याचे आकाशी होते. त्यासोबत फिनॉल रेड नसलेले मिश्रण वापरा. रंग पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात, नियंत्रण नळ्या शेजारी ठेवूनच वाचा. फोटोतही त्या एकाच चौकटीत हव्यात. मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने दुरुस्त करतो.

तापवणे. ६५ अंश, ४० मिनिटे. हीट ब्लॉकच्या कडेच्या खाचा मधल्यांपेक्षा गार असू शकतात, म्हणून पाण्याने भरलेल्या नळीत थर्मामीटर ठेवून आधी मोजा. वरून तापणारे झाकण नसेल तर मिश्रणावर २० मायक्रोलीटर खनिज तेल घाला. नाहीतर वाफ झाकणाला जमून खालचे द्रावण दाट होते.

वेळ संपली की थांबा. लॅम्पमध्ये प्राइमर एकमेकांना धरूनही वाढू लागतात, आणि तासाभरानंतर रिकामी नळीसुद्धा ‘जीएम’ दाखवू शकते. ‘आणखी दहा मिनिटे ठेवून पाहू’ हा मोह इथे महागात पडतो. खोट्या वाढीची शंका कायम असेल तर कॅस१२ए (ठरावीक डीएनए क्रम ओळखणारे एन्झाइम) वापरणारे संच आहेत. ते वाढलेल्या डीएनएचा नेमका क्रम जुळला तरच चमक देतात.

किती कमी अंश दिसेल? मक्याच्या एकेरी जीनोमचे (गुणसूत्रांच्या एका संचातील सगळ्या डीएनएचे) वजन सुमारे २.७ पिकोग्रॅम असते. तुमच्या अर्कातून नळीत १० नॅनोग्रॅम डीएनए गेला, तर त्यात सुमारे ३,७०० प्रती झाल्या. ०.१ टक्का जीएम म्हणजे त्यातल्या जेमतेम चार. कागदाने उचललेला डीएनए याहूनही कमी असू शकतो. म्हणून ‘०.०१ टक्क्यापर्यंत ओळखते’ असे कुठे वाचले, तर ते किती डीएनएवर मोजले होते हे आधी विचारा.

७. इलेक्ट्रोडवर काम करायचे असल्यास

छापील पट्टीवर तीन इलेक्ट्रोड असतात: कार्यकारी, संदर्भ, सहायक. सोन्याच्या कार्यकारी इलेक्ट्रोडवर गंधकाच्या टोकाने डीएनए प्रोब (लक्ष्याशी जुळणारा एकेरी धागा) बसवतात, उरलेल्या जागा मर्कॅप्टोहेक्सॅनॉलने बुजवतात. लक्ष्य डीएनए जुळला की विद्युतप्रवाह बदलतो. थेंब तिन्ही इलेक्ट्रोड झाकेल इतका हवा, साधारण ५० मायक्रोलीटर. इलेक्ट्रोडच्या उघड्या भागाला बोट लागले की ती पट्टी बाद. दुहेरी डीएनए आधी ९५ अंशांना उकलून लगेच बर्फात टाकावा लागतो, कारण प्रोबला एकेरी धागाच जुळतो. दोन पट्ट्यांचे मूळ प्रवाह सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक पट्टीचे नमुन्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही वाचन घेऊन फरकच नोंदवा.

८. निकाल वाचा

लॅम्पच्या प्रत्येक फेरीत चार प्रकारच्या नळ्या हव्यात: नमुना, जीएम नियंत्रण, बिगर-जीएम नियंत्रण, नुसते पाणी. शिवाय त्याच नमुन्यावर पिकाच्या स्वतःच्या जनुकाची चाचणी: सोयाबीनसाठी लेक्टिन, मक्यासाठी झीन किंवा एडीएच१, कपाशीसाठी सॅड१.

- पिकाचे जनुक दिसले, लक्ष्य दिसले नाही, जीएम नियंत्रण दिसले: ‘या लक्ष्याचा अंश आढळला नाही’. ‘जीएममुक्त’ हा शब्द वापरू नका.
- पिकाचेच जनुक दिसले नाही: निकाल नाही. डीएनए आलाच नाही किंवा एन्झाइम अडले. अर्क दहापट पातळ करून पुन्हा करा.
- पाणी किंवा बिगर-जीएम नळी रंग बदलते: संपूर्ण फेरी रद्द. पाणी, टिप, प्राइमर सगळे नवे घ्या.
- पी-३५एस दिसला: आधी विषाणू वगळा. मोहरी-कोबी कुळात फुलकोबीच्या विषाणूची लागण झालेल्या साध्या झाडातही हा खंड असतो. विषाणूच्या दुसऱ्या एखाद्या जनुकाची चाचणी केली की उलगडा होतो.
- फक्त टी-नॉस दिसला: मातीतले ॲग्रोबॅक्टेरियम आले असेल. पान धुऊन पुन्हा करा.

अहवालात ‘जीएम आहे/नाही’ याऐवजी लक्ष्य, पद्धत, बियांची संख्या, गटांची संख्या, नियंत्रणांचे निकाल आणि वेळ लिहा. ज्या निर्णयाला कायदेशीर किंवा व्यापारी परिणाम आहेत, तिथे हा निकाल फक्त चाळणीचा. लेबलची मर्यादा देशागणिक वेगळी आहे. युरोपीय संघात परवानगी असलेल्या जीएम अंशासाठी ती प्रत्येक घटकामागे ०.९ टक्के आहे. एवढा बारीक फरक रंगावरून सांगता येत नाही. नमुन्याचा अर्धा भाग न दळता, मोहोरबंद करून ठेवा आणि आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवा. पाठवताना कोणती लक्ष्ये तपासून झाली तेही कळवा.

९. आवराआवर

वापरलेल्या लॅम्प नळ्या उघडू नका, कुतूहल म्हणूनसुद्धा. न उघडताच दोन पिशव्यांत बंद करून काम करण्याच्या खोलीबाहेर टाका. ऑटोक्लेव्हमध्येही घालू नका. झाकण सुटले तर वाढलेला डीएनए वाफेबरोबर खोलीभर पसरतो. टेबल, पिपेट आणि पेटी पातळ ब्लीचने पुसा, दहा मिनिटे ओले राहू द्या, मग पाण्याने पुसून घ्या, कारण उरलेले ब्लीच पुढच्या वेळी तुमच्याच नमुन्यातला डीएनए तोडेल. उघडलेल्या पाकिटातल्या उरलेल्या पट्ट्या शोषक पुडीसह घट्ट बंद करून ठेवा आणि उघडल्याची तारीख पाकिटावर लिहा.